नोर्ते: ज्या वाऱ्यानं शत्रूला बंदरात घ्यायला लावलं

आजच्या भागात वारा फार आहे, तेव्हा हेडफोनचा आवाज बेतानं ठेवा.

सुरुवात करायच्या आधी एक काम करा. फोनवर जगाचा नकाशा उघडा आणि मुंबई-ठाण्यावर बोट ठेवा. आता ते बोट सरळ आडव्या रेषेत पश्चिमेकडे सरकवत न्या. अरबी समुद्र, अरबस्तान, मग सुदान, चाड, ते सगळं सहारा वाळवंट, मग अख्खा अटलांटिक, कॅरिबियन बेटं, आणि शेवटी मेक्सिकोचा पूर्व किनारा. बोट जिथे जमिनीला लागेल तिथे वेराक्रूझ नावाचं बंदर आहे. मुंबई १९ अंश ४ मिनिटं उत्तर, वेराक्रूझ १९ अंश १२ मिनिटं उत्तर. म्हणजे आपल्या ठाण्याचाच अक्षांश. सूर्य तोच, दिवस तेवढाच, नारळ तेच, घामही तोच.

पण समुद्र मात्र बरोबर उलटा.

आपल्याकडे समुद्र खवळतो पावसाळ्यात. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की पुन्हा पाण्यात जातात. आणि डिसेंबर-जानेवारीत तर काय, भाऊच्या धक्क्यावरून किंवा गेटवेवरून निघालात तर ताटातल्या पाण्यासारखा समुद्र. हिवाळा म्हणजे आपल्या दर्यावर्दींचा हक्काचा मोसम. वेराक्रूझला नेमक्या ह्याच महिन्यांत बंदर बंद होतं. आकाश निरभ्र, हवा उबदार, माणसं सदऱ्यात फिरतायत, आणि तासाभरात उत्तरेकडून असा वारा येतो की झाडं मोडतात, लाटा धक्क्यावर चढतात आणि पारा दहा-दहा अंशांनी खाली येतो. तिथले लोक त्याला नुसतं ‘नोर्ते’ म्हणतात. नोर्ते म्हणजे उत्तर. दुसरं काही सांगायची गरजच नाही.

आजची गोष्ट ह्या वाऱ्याची आहे. आणि १५६८ साली एका इंग्रज माणसानं ह्या वाऱ्याच्या धाकानं घेतलेल्या एका निर्णयाची.

आधी हा वारा येतो कुठून ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. कॅनडाच्या उत्तरेला हिवाळ्यात बर्फावर थंड हवा साचत राहते. थंड हवा जड. ती एका मर्यादेपलीकडे साचली की दक्षिणेकडे सांडते. आता नकाशात उत्तर अमेरिका बघा. डोंगर आहेत, पण ते उभे आहेत, उत्तर-दक्षिण. पश्चिमेला रॉकी पर्वत, पूर्वेला अ‍ॅपलाचियन, आणि मधे सपाट मैदान. कॅनडापासून टेक्सासपर्यंत त्या हवेला अडवणारी एकही आडवी भिंत नाही. ती जमिनीला चिकटून पाचरीसारखी गरम हवेच्या खाली घुसत येते. ह्या दोन हवांमधली जी सीमा, तिला म्हणायचं कोल्ड फ्रंट. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात ‘शीत आघाडी’ लिहितात. हा आघाडी शब्द लढाईतलाच आहे बरं का. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेतल्या हवामानशास्त्रज्ञांनी तो उचलला, कारण तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र होतं, दोन सैन्यं समोरासमोर.

टेक्सासचा किनारा ओलांडला की ही आघाडी मेक्सिकोच्या आखातावर येते. खाली पाणी कोमट, भर हिवाळ्यातही अंगाला बोचणार नाही इतकं. पश्चिमेला सिएरा माद्रे पर्वताची रांग. ती थंड हवा ह्या रांगेला घासत, कोंडून, किनाऱ्याच्या कडेकडेनं दक्षिणेला धावते, आणि अशी कोंडलेली हवा वेग घेते. टेक्सासहून वेराक्रूझला पोचायला तिला बहुतेक वेळा एखादा दिवस पुरतो. तिथे ताशी शंभर किलोमीटरच्या वर झोत येणं ही हिवाळ्यातली नवलाईची गोष्ट नाही. ह्याच हवेचा एक भाग पुढे तेहुआंतेपेकच्या खिंडीतून पलीकडे पॅसिफिकमध्ये उतरतो आणि तिथलाही समुद्र ढवळून काढतो. त्या खिंडीजवळच्या एका गावाचं नावच ‘ला व्हेंतोसा’ आहे, म्हणजे वाऱ्याचं गाव. आज तिथे पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे.

मग आपल्याकडे असं का होत नाही? आपल्या उत्तरेलाही सैबेरिया आहेच की. उत्तर सोपं आहे: हिमालय. आपली भिंत आडवी आहे. सैबेरियाची थंडी तिच्या पलीकडेच अडते. आपल्याला मिळतात ती पश्चिमेकडून येणाऱ्या झंझावातांची उरलीसुरली टोकं. निफाडला पारा उतरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पुणेकर स्वेटर काढतात. मुंबईची नोंदलेली सगळ्यात थंड रात्र २२ जानेवारी १९६२ ची, ७.४ अंश. कुडकुडायला लावणारी होती खरी, पण तिनं गलबतं बुडवली नाहीत. त्याच अक्षांशावरच्या वेराक्रूझच्या पुढ्यात मात्र बुडालेल्या जहाजांची स्मशानभूमी आहे.

ह्यात आणखी एक गंमत अशी की वेराक्रूझ हे खरं तर बंदर नव्हतंच. १५१९ च्या एप्रिलमध्ये एर्नान कोर्तेस तिथे उतरला तेव्हा होता उघडा वालुकामय किनारा आणि समोर जेमतेम पाण्यावर डोकं काढणारं प्रवाळाचं एक बेट, सान हुआन दे उलुआ. उत्तरेच्या वाऱ्याला आडोसा म्हणाल तर एवढाच. ह्या बेटाच्या दक्षिण अंगाला, वाऱ्याला पाठ देऊन, जहाजं लावायची. पुढे स्पॅनिशांनी तिथे एक भक्कम भिंत बांधली आणि तिच्यात मोठमोठी कडी बसवली. जहाजाचं नाक बेटाकडे, दोर थेट भिंतीतल्या कड्याला, आणि मागे नांगर. बैल गोठ्यात बांधावेत तशी जहाजं बांधलेली असत. नुसत्या नांगराच्या भरवशावर उभं राहिलात तर नोर्ते नांगरासकट तुम्हाला किनाऱ्यावर नेऊन आपटणार.

आणि ह्या एवढ्याशा आडोशावर अख्ख्या साम्राज्याचं पोट अवलंबून होतं. मेक्सिकोतली चांदी ह्याच धक्क्यावरून स्पेनला जायची. स्पेनचा ताफा उन्हाळ्यात तिकडून निघायचा, साधारण सप्टेंबरच्या आसपास वेराक्रूझला पोचायचा, हिवाळाभर बांधून राहायचा, आणि नंतरच्या वर्षी चांदी घेऊन हवानामार्गे परतायचा. सोपं वाटतं ना? आता वेळापत्रक बघा. जून ते नोव्हेंबर कॅरिबियनमध्ये चक्रीवादळं. ऑक्टोबर ते एप्रिल आखातात नोर्ते. म्हणजे वर्षभरात निर्धास्त असा काळ जेमतेम काही आठवड्यांचा. कागदपत्रं अडकली, चांदी उशिरा पोचली, कुणी अधिकारी आजारी पडला, की गेला तो मुहूर्त.

१६३१ साली असाच मुहूर्त चुकला. ताफ्याचा सेनापती निघण्याच्या आदल्याच दिवशी वारला. तरी १४ ऑक्टोबरला जहाजं सुटली, कारण राजाला चांदीची घाई होती. पंधरवडाभर वाऱ्यानं त्यांना आखातात झोडपलं. ‘नुएस्त्रा सेन्योरा देल हुंकाल’ हे त्यातलं एक मोठं गलबत पाणी उपसून उपसून थकलं आणि ऑक्टोबर संपता संपता रात्री बुडालं. तीनशेच्या आसपास माणसं होती. एका छोट्या नावेतून वाचली ३९. ते गलबत आजही मेक्सिको आणि स्पेनचे संशोधक शोधतायत.

हे सगळं डोक्यात ठेवा, कारण आता आपण त्रेसष्ट वर्षं मागे जातोय. सप्टेंबर १५६८.

जॉन हॉकिन्स. इंग्लंडच्या प्लिमथचा व्यापारी-खलाशी. इंग्रजी पुस्तकांत तो शूर दर्यावर्दी म्हणून येतो. मी सरळ सांगतो, तो माणसं विकायचा. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सहा जहाजं घेऊन निघाला, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गावांवर हल्ले करून चारशे-पाचशे माणसं पकडली आणि कॅरिबियनमधल्या स्पॅनिश वसाहतींत विकली. परक्यांनी तिथे व्यापार करायला स्पेनच्या राजाची बंदी होती, म्हणून कुठे लाच, कुठे तोफेचा धाक. सहातली दोन जहाजं खुद्द एलिझाबेथ राणीची. त्यांपैकी मोठं होतं ‘जीझस ऑफ ल्यूबेक’, आठव्या हेन्रीच्या काळात विकत घेतलेलं जुनाट धूड. आणि ‘ज्युडिथ’ नावाच्या लहानशा जहाजाचा कप्तान होता हॉकिन्सचाच एक तरुण नातेवाईक, फ्रान्सिस ड्रेक.

परतीच्या वाटेवर क्यूबाजवळ वादळानं गाठलं. जीझसच्या फळ्या सुटल्या, सुकाणू खिळखिळं झालं. वारा ढकलत ढकलत त्यांना आखातात आत घेऊन गेला. दुरुस्तीशिवाय अटलांटिक ओलांडणं अशक्य, आणि त्या बाजूला दुरुस्तीजोगी जागा एकच, उलुआ. सप्टेंबरच्या मध्याला हॉकिन्स तिथे पोचला. गंमत म्हणजे स्पेनचा वार्षिक ताफा त्याच सुमारास यायचा होता, त्यामुळे किनाऱ्यावरचे अधिकारी आपलेच लोक आले समजून स्वागताला होडीतून आले आणि जहाजावर चढल्यावर त्यांचे चेहरे उतरले. हॉकिन्सनं उलुआचं बेट आणि तिथल्या तोफा ताब्यात घेतल्या. म्हणाला, मला फक्त दुरुस्ती करायची आहे, सामान विकत घेईन, निघून जाईन.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्षितिजावर तेरा शिडाची जहाजं. खरा ताफा आला होता. आणि त्यात मेक्सिकोचा नवा व्हाइसरॉय, दोन मार्तिन एन्रिकेझ.

आता इथे जरा थांबू या, कारण सगळी गोष्ट ह्या एका सकाळीवर उभी आहे. हॉकिन्स बेटावर आहे, तोफा त्याच्या हातात आहेत, आत शिरायची वाट अरुंद आहे. तो ठरवेल तर स्पॅनिश ताफा आत येऊ शकत नाही. मग बाहेर थांबू दे की! पण बाहेर थांबणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक आहे. सप्टेंबर अर्धा सरलाय. उत्तरेचा वारा कधीही सुटेल. सुटला की ती तेराही जहाजं, त्यांवरची हजारो माणसं, राजाचा प्रतिनिधी, सगळं किनाऱ्यावर आपटून खलास. हॉकिन्सनं स्वतःच नंतर लिहून ठेवलंय की उलुआला दोर बांधल्याशिवाय त्या वाऱ्यापुढे मरणाखेरीज दुसरी गत नाही. त्यानं हिशेबसुद्धा केला होता: त्या ताफ्याची किंमत अठरा लाख पौंड. त्या काळातले अठरा लाख.

इंग्लंड आणि स्पेन ह्यांच्यात तेव्हा युद्ध नव्हतं. तहाच्या काळात मित्रराष्ट्राचा अख्खा ताफा, एक गोळीही न झाडता, नुसता बाहेर ठेवून मारला तर राणी काय म्हणेल? आणि आत घेतलं तर? आत घेतलं तर ते संख्येनं जास्त, किनारा त्यांचा, शहर त्यांचं. दगा करतील हे त्याला जवळजवळ दिसत होतं. एकीकडे खात्रीचा कलंक, दुसरीकडे संभाव्य दगा. माणसं विकताना ज्याचा हात थरथरला नाही तो माणूस इथे अडला. दयेनं अडला असं मी म्हणणार नाही. राणीच्या रागाची भीती त्याच्या स्वतःच्या लिहिण्यातच आहे. पण अडला खरा.

त्यानं अटी घातल्या. बेट इंग्रजांकडे राहील, दोन्ही बाजूंनी दहा-दहा ओलीस, शांतता पाळायची. व्हाइसरॉयनं कबूल केलं. मनातून अजिबात नाही; त्याच्या लेखी हा चाचा होता आणि चाच्याला दिलेला शब्द पाळायचा नसतो. तिकडे तो किनाऱ्यावरून गुपचूप सैनिक गोळा करू लागला. पण बाहेर ताफा चार दिवस उघड्यावर उभा होता आणि त्यालाही वाऱ्याची तितकीच भीती होती, म्हणून सही झाली. २१ सप्टेंबरला दोन्ही ताफे त्या चिंचोळ्या आडोशात शेजारी शेजारी बांधले गेले. इतके जवळ की एका डेकवरचं बोलणं दुसऱ्यावर ऐकू यावं. ज्या वाऱ्यापासून दोघंही पळत होते, त्यानंच त्यांना एका गोठ्यात आणून बांधलं.

दोन दिवस टिकलं. २३ सप्टेंबरच्या सकाळी इंग्रजांच्या लक्षात आलं की मधल्या एका मोठ्या स्पॅनिश जहाजावर माणसांची भलतीच ये-जा आहे, बाजूला तोफांसाठी नव्या खिडक्या पाडल्यात. हॉकिन्सनं विचारणा केली. उत्तर येईपर्यंत तुतारी वाजली. बेटावर स्पॅनिशांशी हसतखेळत बसलेले इंग्रज तिथल्या तिथे कापले गेले, थोडेच पोहून सुटले. तोफा शत्रूच्या हाती गेल्या. तरी दिवसभर झुंज चालली, दोन मोठी स्पॅनिश जहाजं निकामी झाली. जॉब हॉर्टॉप नावाचा एक तोफखान्यातला माणूस तिथे होता, त्यानं पुढे लिहिलेल्या आठवणीत एक प्रसंग आहे: धुमश्चक्रीत हॉकिन्सनं बिअर मागवली, चांदीच्या पेल्यातून प्यायला, पेला बाजूला ठेवला आणि तोफेचा गोळा येऊन पेला घेऊन गेला. खरं किती, तिखटमीठ किती, देव जाणे. पण अशी माणसं लढाईनंतर जे सांगतात ते असंच असतं.

संध्याकाळपर्यंत जीझस गेलं. हॉकिन्स उडी मारून राणीच्या दुसऱ्या जहाजावर, ‘मिनियन’वर आला. मिनियन आणि ड्रेकचं ज्युडिथ एवढीच दोन बाहेर पडली. जीझसवर मागे राहिलेल्यांत पन्नासच्या वर आफ्रिकन माणसं होती, अजून न विकलेली. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. पुढे इंग्लंडात हॉकिन्सनं नुकसानीचा दावा लावला, त्यात त्यांची किंमत मात्र दरडोई लिहिली आहे.

आणि मग, लढाईच्या दुसऱ्याच दिवशी, तो सुटला. नोर्ते.

मिनियन उलुआपासून मैलभरावरच्या एका बेटाच्या आडोशाला कसंबसं पोचलं होतं. लढाईत नांगर आणि दोर गमावलेले. उरले होते दोन नांगर, दोन दोर. त्यावर ते त्या वाऱ्यात तग धरून राहिले. हॉकिन्स लिहितो की आम्ही सतत मरणाचाच विचार करत होतो. पण ह्याच वाऱ्यात स्पॅनिश जहाजांनाही भिंतीचे दोर सोडून पाठलाग करणं शक्य नव्हतं. जो त्यांना बुडवू शकत होता त्यानंच त्यांना वाचवलं म्हणायचं. आणि ड्रेक? ड्रेक रात्रीच निघून गेला होता. हॉकिन्सनं आपल्या वृत्तांतात एका वाक्यात त्याबद्दल बोललंय आणि ते वाक्य कडू आहे.

पुढची कहाणी उपासमारीची. मिनियनवर दोनेकशे माणसं आणि शिधा नाही. कातडी उकडून खाल्ली, उंदीर, मांजरं, कुत्री, शेवटी विकायला आणलेले पोपट आणि माकडं. ऑक्टोबरमध्ये शंभरेक जणांना, काहींना त्यांच्या मर्जीनं, काहींना नाइलाजानं, आखाताच्या किनाऱ्यावर उतरवलं. त्यांतले बरेच स्पॅनिशांच्या हाती लागले. मेक्सिकोत १५७१ साली इन्क्विझिशन सुरू झालं आणि पहिल्या सावजांत ही माणसं होती. फटके, गलबतावर वल्ही मारण्याची शिक्षा. मघाशी ज्याचं नाव घेतलं तो जॉब हॉर्टॉप इंग्लंडला परत आला १५९० मध्ये. हिशेब करा: तेवीस वर्षं.

मिनियन जानेवारी १५६९ मध्ये इंग्लंडला लागलं तेव्हा त्यावर मोजकीच माणसं जिवंत होती. ड्रेकनं उलुआचं वैर आयुष्यभर जपलं आणि स्पॅनिश अमेरिकेचे किनारे लुटत फिरला. हॉकिन्स इंग्लंडच्या आरमाराचा खजिनदार झाला आणि जीझससारखी उंच, डुगडुगती धुडं मोडीत काढून त्यानं सडपातळ, चपळ जहाजं बांधायला लावली. १५८८ ला स्पेनचं आर्माडा इंग्लंडवर चालून आलं तेव्हा समोर हीच जहाजं होती, आणि सेनापतींत हे दोघंही होते. शाळेच्या पुस्तकात आर्माडा येतं. उलुआ येत नाही.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, काय दुष्ट वारा आहे. मलाही वाचता वाचता तसंच वाटत होतं. पण वेराक्रूझच्या लोकांना विचारलं असतं तर ते वेगळं बोलले असते.

१८०४ च्या सुरुवातीला अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ मेक्सिकोतून परत निघताना वेराक्रूझला आला. त्याच्या हाती तिथल्या बंदराचा कप्तान बेर्नार्दो दे ओर्ता ह्यानं ठेवलेल्या हवेच्या नोंदी लागल्या. हुम्बोल्टनं त्या वाचल्या आणि शहरातल्या मृत्यूंशी ताडून बघितल्या. वेराक्रूझचा खरा यमदूत होता पीतज्वर. स्पॅनिशमध्ये त्याला ‘काळी उलटी’ म्हणत. स्पेनहून आलेला किंवा डोंगरावरून उतरलेला नवा माणूस उन्हाळ्यात शहरात शिरला की आठवड्याभरात जायचा. इतकी दहशत, की अठराव्या शतकात ताफ्याचा मोठा बाजार वेराक्रूझला न भरवता वर डोंगरात हालापा गावी भरवू लागले. आणि हा ताप ओसरायचा कधी? नोर्ते वाहायला लागले की. उत्तरेचा वारा जहाजं बुडवायचा आणि शहराला श्वास द्यायचा.

का, ते हुम्बोल्टला कळणं शक्य नव्हतं. डास हा वाहक असावा असं क्यूबाचा डॉक्टर कार्लोस फिन्ले १८८१ मध्ये म्हणाला, लोक हसले, आणि १९०० साली हवानातच वॉल्टर रीडच्या पथकानं ते सिद्ध केलं. थंड वाऱ्यात डास मंदावतो. एवढंच गुपित.

जहाजवाल्यांसाठी त्या वाऱ्यात आणखी एक चकवा होता. चक्रीवादळाच्या आधी बॅरोमीटरचा पारा पडतो. पडला की सावध, हे प्रत्येक खलाशाला शिकवलेलं. नोर्तेच्या आधी दक्षिणेचा कोरडा गरम वारा सुटतो, तिथे त्याला ‘सुरादा’ म्हणतात, तेव्हा पारा खाली असतो आणि दिवस मोठा सुरेख असतो. मग जड थंड हवा येते आणि पारा चढायला लागतो. एरवी पारा चढला की उघडीप आली म्हणून खलाशी खुश व्हायचा. इथे तो चढत असतानाच समुद्र अंगावर येतो.

थोडक्यात काय, वेराक्रूझ घ्यायचं तर दोन मरणांच्या मधली फट शोधावी लागते. हिवाळ्यात वारा, उन्हाळ्यात ताप. अमेरिका आणि मेक्सिको युद्धात १८४६-४७ ला नेमका हाच पेच पडला.

अमेरिकन आरमारानं वेराक्रूझला वेढा घातला होता. ८ डिसेंबर १८४६ ला त्यांचं ‘सॉमर्स’ हे जहाज वेढा फोडणाऱ्या एका गलबतामागे लागलं. उत्तरेकडून वाऱ्याचा लोट आला, जहाज आडवं झालं आणि दहाएक मिनिटांत तळाला गेलं. तीसहून जास्त माणसं गेली. जवळ उभ्या असलेल्या इंग्रज, फ्रेंच आणि स्पॅनिश जहाजांनी तशा समुद्रात होड्या सोडून बाकीच्यांना वाचवलं. अमेरिकेच्या काँग्रेसनं नंतर त्यांना पदकं दिली. सॉमर्सचा कप्तान राफाएल सेम्स वाचला. हा सेम्स लक्षात ठेवा, कारण तो आपल्या समुद्रातही येऊन गेलाय. अमेरिकेच्या यादवी युद्धात तो दक्षिणेकडून लढला, ‘अलाबामा’ ह्या जहाजाचा कप्तान म्हणून, आणि जानेवारी १८६४ मध्ये मलबारच्या किनाऱ्याजवळ त्यानं एक अमेरिकन व्यापारी जहाज जाळलं. त्याच युद्धामुळे तेव्हा मुंबईत कापसाचे भाव गगनाला भिडले होते. असो, तो वेगळ्या भागाचा विषय.

जनरल विनफिल्ड स्कॉटनं हुम्बोल्टची दोन्ही मरणं ओळखून तारीख निवडली: मार्च. नोर्ते ओसरत आलेले, ताप अजून सुरू झालेला नाही. ८ मार्च ठरली होती, पण उत्तरेची लक्षणं दिसली म्हणून एक दिवस थांबले. ९ मार्च १८४७ ला खास बांधलेल्या सपाट होड्यांतून आठ हजारांहून जास्त सैनिक काही तासांत किनाऱ्यावर उतरले, एकही माणूस न गमावता. आणि मग तीन दिवसांनी नोर्ते आलाच. माणसं किनाऱ्यावर, तोफा आणि शिधा जहाजांवर, मधे फेसाळलेला समुद्र. दिवसच्या दिवस काही उतरवता येईना. वारा पडल्यावर तोफा आल्या, २२ मार्चपासून शहरावर मारा झाला, त्यात घरांत बसलेली साधी माणसं मेली, आणि २९ मार्चला वेराक्रूझ पडलं. स्कॉट तिथे रमला नाही. एप्रिलच्या सुरुवातीला त्यानं फौज डोंगराकडे हलवली, डास जागे व्हायच्या आत. सप्टेंबरात तो मेक्सिको शहरात होता. पुढच्या वर्षीच्या तहात मेक्सिकोनं जवळपास अर्धा देश गमावला.

सान हुआन दे उलुआ आजही आहे. कड्यांची ती भिंत लोक तिकीट काढून बघायला जातात. मेक्सिकोची हवामान संस्था आता प्रत्येक थंड आघाडीला नंबर देते. सप्टेंबरमध्ये एक नंबरपासून मोजणी सुरू होते आणि मे महिन्यापर्यंत पन्नासच्या आसपास जाते. बातमीत सांगतात, अमुक नंबरची आघाडी येते आहे, लहान होड्यांसाठी बंदर बंद. मग वेराक्रूझचे मच्छीमार होड्या वर ओढतात आणि वाट बघत बसतात. आपल्याकडे तेव्हा मांडव्याची बोट भरून चाललेली असते.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात बहुतेक सेम्स आणि तो कापूस.